ग्राहकांच्या यादीत तेरा रंग झाले आहेत, कोणते ठेवू?

दारव्हा तालुक्यातल्या एका कृषी केंद्रवाल्या दादांनी विचारलंय. दुकानात साडेअकराशे शेतकऱ्यांची खाती, काउंटरवर दोन भाचे. २०१६ मध्ये ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात ओळीला रंग देता येतो, म्हणून देत गेले. आज तेरा रंग झालेत. लाल उधारीचा, निळा मोठ्या कापूसवाल्यांचा, हिरवा 'चांगला माणूस'चा, एकेक रंग तीन गावांचा, एक भांडकुदळ गिऱ्हाइकांचा. आणि गुलाबीत चौदा जण आहेत, ते कशासाठी हे घरात कोणालाच आठवत नाही. मृग लागायच्या आत यादी लावून घ्यायची आहे, तर यातले कोणते रंग ठेवू, असं ते विचारतात.

दादा, मी आधी एका दुकानात खतावणी लिहायचे. गेली अकरा वर्षं यवतमाळ, वाशीम, अमरावती भागातली कृषी केंद्रं, दोन दालमिल आणि एक ट्रॅक्टरचं शोरूम यांची ग्राहकयादी लावून द्यायचं काम करते. तेरा रंग पाहून मला नवल वाटलं नाही. एका ठिकाणी एकोणीस पाहिलेत. त्यात दोन पिवळे होते, एक 'हळदीचा' आणि एक 'लिंबाचा', आणि त्यांतला फरक फक्त मालकालाच दिसायचा.

तुमच्या यादीत खरी अडचण काय झाली ती आधी सांगते. ओळ एक, रंग एक. पण तुमचे रंग चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत: पैसे बाकी आहेत का, पीक कोणतं, गाव कोणतं, आणि माणूस कसा. आता समजा एखादा पंचवीस एकराचा कापूसवाला आहे, तुमच्या त्या तीनपैकी एका गावचा आहे आणि त्याच्याकडे बाकीही आहे. त्याची ओळ निळी, लाल की गावाच्या रंगाची? ज्यानं शेवटी हात लावला त्याचा रंग राहतो. मग लाल रंगावर फिल्टर लावून "एवढीच उधारी" असं तुम्ही म्हणता तेव्हा त्यात हा कापूसवाला नसतोच. म्हणजे यादी नुसती गोंधळाची नाही, ती चूक सांगते आहे, आणि ती चूक दिसत नाही.

म्हणून तेरातले कोणते ठेवू यावर मी म्हणेन, एकही नको. धुऊन काढा. पण लगेच नको, कसं काढायचं ते पुढं सांगते.

काही गोष्टी तुमच्या दुकानावर अवलंबून आहेत. दीडशे खाती असती आणि काउंटरवर तुम्ही एकटे असता तर मी म्हटलं असतं, हवे तेवढे रंग लावा, अर्थ तुमच्या डोक्यात आहे. दुसरा माणूस यादी वाचायला लागला की रंगाचा अर्थ लिहून ठेवावा लागतो, तिसरा आला की तो पाळला जातोय का ते पाहावं लागतं. तुमचं सॉफ्टवेअर काय करू शकतं यावरही बरंच ठरतं. काहींत नियम लिहिता येतो, की अमुक रकान्यात अमुक आलं तर ओळ आपोआप रंगेल. एक्सेलमध्ये याला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात, गूगल शीटमध्येही ते आहे. काहींत टॅग लावता येतात, एका नावाला तीन-चार. काहींत नुसता हातानं रंग भरता येतो. तुमचं या शेवटच्या प्रकारातलं असेल तर माझा सल्ला असा, की रंगाच्या नादी लागूच नका. एक रकाना करा, त्यात शब्द लिहा आणि त्यावर यादी लावा. रंगाशिवाय दुकान चालतं.

हातानं भरलेल्या रंगावर माझा इतका राग का, तर त्यात माझीच चूक आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी वाशीम जिल्ह्यातल्या एका दुकानाची यादी मी लावून दिली. तेव्हा मी शहरातल्या दुकानांसाठी बनलेला नमुना घेतला होता. त्यात बिलाला तीस दिवस झाले की ओळ लाल. शहरात ठीक आहे. आपल्याकडे जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर जातं आणि पैसा हातात येतो सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपास. गणपती येईपर्यंत त्या दुकानाची निम्मी यादी लालेलाल. काउंटरवरच्या पोरांनी दोन आठवडे पाहिलं आणि मग बघायचंच सोडलं. सगळंच लाल असेल तर लाल कोण पाहतो? मालकानं मला फोन केला, "ताई, याच्यातले खरे लाल कोणते ते आम्ही हातानं करू का?" मी घाईत होते, हो म्हटलं.

त्यांनी मग 'खरे लाल' चाळीस-पन्नास जण हातानं रंगवले. दिवाळीत त्यातल्या बऱ्याच जणांनी पैसे भरले. पैसे जमा झाले, पावती झाली, खातं शून्य झालं. रंग मात्र तसाच राहिला, कारण हातानं दिलेला रंग हातानंच काढावा लागतो, आणि वसुलीच्या गर्दीत ते कोण करतो?

पुढच्या जूनमध्ये मी काही कामानं त्याच दुकानात बसले होते. पाऊस नुकताच पडून गेलेला, काउंटरला माणसांची दाटी. पोरानं कूलरच्या वाऱ्यासाठी खुर्ची तिरपी करून घेतली होती, त्यामुळं मॉनिटर अर्धा बाहेर वळलेला. एक सत्तरीचे काका आले, खांद्यावर दुपट्टा, हातात थैली. सोयाबीनच्या चार बॅगा मागितल्या. पोरानं नाव टाकलं. काका पडद्याकडे बघत होते. वाचता येत नसावं, पण रंग कोणालाही दिसतो.

"काऊन रे बाबू, माया नावावर लाल काऊन हाये?"

"काका, मागची बाकी हाये न तुमची."

"दिवाईच्या आंधीच देल्ले म्या. पावती हाये माह्यापाशी."

आणि त्यांनी खरंच थैलीतून एक पन्नी काढली, पन्नीतून घडी केलेली पावती काढली, आणि चार लोकांसमोर ती काउंटरवर ठेवली. पोराचा चेहरा उतरला. मी उठून खातं उघडलं, शून्य. माफी मागितली. काकांनी पावतीची तशीच घडी घातली, पन्नीत ठेवली आणि समोरच्या दुकानात गेले. मालक नंतर म्हणाला, त्यांच्या दोन भावांची खातीही गेली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी धरल्या आहेत. रंग माणसानं द्यायचा नाही, रकान्यातल्या आकड्यावरून आणि तारखेवरून यंत्रानं द्यायचा; पैसे जमा झाले की त्याच क्षणी तो आपोआप गेला पाहिजे. आणि मॉनिटर गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवायचा नाही. पोरांनी एकमेकांना "हा लाल हाये का?" असं ओरडून विचारायचंही नाही. तुमच्या दोन्ही भाच्यांना हे आधी सांगा, बाकी सगळं नंतर.

आता ती तीस दिवसांची चूक कशी सुधारली. बिल करताना एक रकाना वाढवला, त्याचं नाव 'कशावर'. आपल्याकडे उधारी देताना आपण विचारतोच, "कशावर देता काका?" आणि उत्तर येतं, "सोयाबीनवर," किंवा "कापूस निघाल्यावर." तेच लिहायचं. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत हाती येतं. सोंगणी, मळणी, विक्री धरून मी त्याची मुदत १५ नोव्हेंबर ठेवते. कापसाचं तसं नाही. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन वेचणी सुरू झाली तरी तो एकदम निघत नाही, दोन-तीन वेचण्या होतात, चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, तुकड्या-तुकड्यानं येतो, म्हणून ३१ जानेवारी. तुरीला १५ मार्च. ओलिताचा शेतकरी हरभऱ्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा उचल करतो, त्या बिलाला १५ एप्रिल. या माझ्या तारखा आहेत, तुमच्या भागातल्या बाजाराप्रमाणे पुढं-मागं करा. पण मुदत पिकावरून यायला हवी, बिलाच्या तारखेवरून नाही. एकाच शेतकऱ्याची दोन बिलं दोन पिकांवर असू शकतात, म्हणून मुदत बिलाला लावा, माणसाला नको.

याचा एक फायदा मला नंतर कळला. परतीच्या पावसानं एखाद्या गावात सोयाबीनच्या गंज्या भिजल्या, की त्या गावाचा फिल्टर लावायचा आणि मुदतीची तारीख सरसकट पुढं ढकलायची. पाच मिनिटांचं काम. त्या गावातल्या कोणालाही आठ दिवसांत वसुलीचा फोन जात नाही. हातानं रंगवलेल्या यादीत हे सुचतही नाही.

मग रंग कोणते? मी स्वतःला एकच गोष्ट विचारते: ही ओळ रंगीत दिसल्यावर काउंटरवरच्या पोरानं आज वेगळं काय करायचं आहे? काहीच वेगळं करायचं नसेल तर रंग नको. "मोठा कापूसवाला" हे कळून पोरगा वेगळं काय करणार? एकर आणि पीक हे रकाने आहेत, लागेल तेव्हा शोधायचे. गावाचंही तसंच. या हिशेबानं तुमच्यासारख्या दुकानाला माझ्या मते तीन रंग पुरतात. एक, 'विचारा': मुदत उलटून गेली आहे किंवा तुम्ही ठरवलेली उधारीची हद्द संपली आहे, तर नवीन उधारी देण्याआधी मालकाला विचारायचं. दोन, 'फोन': मुदत पुढच्या पंधरा दिवसांत येते आहे, आठवण करायची. तीन, 'अपुरं': मोबाईल नंबर बंद आहे, वडिलांचं नाव नाही, एकाच गावात त्याच नावाचे दोघं आहेत. हा तिसरा लोक विसरतात, पण उपयोग त्याचाच जास्त होतो. माणूस समोर उभा असतानाच नंबर विचारून घ्यायचा असतो, तो गेल्यावर नाही. बाकी सगळी यादी पांढरी. हंगाम सोडून एरवी साडेअकराशेपैकी शंभर-सव्वाशेपेक्षा जास्त ओळी रंगीत दिसायला लागल्या, तर माणसं बिघडली नाहीत, नियम बिघडला असं समजा आणि तारखा तपासा.

रंगांच्या छटा निवडताना कृषी केंद्रात एक भानगड आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर तिरपा चौकोन असतो ना, त्याचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. बियाण्याच्या थैलीवरची खूणचिठ्ठीही रंगाचीच: पैदासकार बियाण्याची पिवळी, पायाभूत बियाण्याची पांढरी, प्रमाणित बियाण्याची निळी. तुमचे भाचे दिवसभर हे रंग हाताळतात. बिलाच्या पडद्यावर वर गिऱ्हाईक लाल आणि खाली औषधही लाल दिसलं, तर डोक्याला ताण कशाला द्यायचा? म्हणून कृषी केंद्रात मी ग्राहकांसाठी ते चारही रंग टाळते. 'विचारा'ला नारिंगी, 'फोन'ला वांगी, 'अपुरं'ला राखाडी.

डब्यावरच्या त्या चौकोनातून अजून एक शिकण्यासारखं आहे. तिथं रंग एकटा नसतो. वरच्या त्रिकोणात शब्द असतो, जहाल औषधावर तर कवटीही असते. कारण नुसत्या रंगाचा अर्थ ज्याला जसा हवा तसा तो काढतो. काउंटरवर तुम्हीही ऐकलं असेल, "हिरवं नको, लालवालं द्या, कडक पायजे." नियमानं जो धोका म्हणून लावला, तो गिऱ्हाइकाला गुण वाटतो. तर तुमच्या यादीतही रंगाशेजारी शब्द हवाच. 'विचारा', 'फोन', 'अपुरं', असे साधे. अमरावतीकडच्या एका दुकानात एक पोरगा सारखा चुकायचा, मालक चिडायचा. महिनाभरानं कळलं की त्याला लाल आणि हिरव्यातला फरकच दिसत नाही. हे पुरुषांत बायकांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि ज्याला आहे त्यालाही कित्येकदा ठाऊक नसतं. शब्द असता तर त्या पोराला बोलणी खावी लागली नसती.

शब्द लिहायची कारणं तशी रोजचीच आहेत. साध्या प्रिंटरवर यादी काढली की लाल आणि हिरवा दोन्ही राखाडीच येतात. उन्हात मोबाईलवर फिके रंग दिसत नाहीत. एक्सेलमध्ये रंगावर फिल्टर लागतो, पण काउंटइफ हे सूत्र रंग मोजत नाही, ते रकान्यात काय लिहिलंय ते मोजतं. आणि उद्या सॉफ्टवेअर बदललं, यादी सीएसव्हीमध्ये काढली, तर एकही रंग बरोबर येत नाही. त्या फाइलमध्ये फक्त अक्षरं आणि आकडे असतात. इतक्या वर्षांचं रंगकाम एका क्लिकमध्ये साफ. हे मी एका दालमिलमध्ये डोळ्यांनी पाहिलंय. मुनीमजी दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

आता 'चांगला माणूस' हिरवा आणि 'भांडणारा' करडा, याबद्दल. हे सगळ्यात आधी काढा. आपल्याकडे रंग माणसाला चिकटतो. १ मे १९९९ पासून राज्यात रेशनकार्डं पिवळी, केशरी, पांढरी झाली. तो उत्पन्नाचा हिशेब होता, पण आज गावात आपण "तो पिवळ्या कार्डाचा" असं माणसाबद्दल म्हणतो. भांडणारा म्हणून रंगवलेला शेतकरी एका वर्षी खराब बियाण्यावरून भांडला असेल, आणि बरोबर भांडला असेल. पण नवीन पोरगा आला की तो रंग पाहूनच त्याच्याशी तुटक बोलणार, आणि मग तो खरंच भांडणार. काय झालं होतं ते तारखेसह शेऱ्यात लिहा: "जुलैत उगवण कमी म्हणून तक्रार, दोन बॅगा बदलून दिल्या." रंगापेक्षा हे शंभरपट कामाचं. शिवाय निळा, भगवा, हिरवा हे आपल्या गावांत नुसते रंग नसतात हे तुम्हाला मी सांगायला नको. पडद्यावर नावांपुढे ते दिसले आणि कोणी फोटो काढला, तर तुमचा हेतू काय होता ते सांगत बसावं लागेल.

धुवायचं कसं ते सांगते. आधी अख्ख्या यादीची एक प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवा. मग दोन्ही भाच्यांना वेगवेगळे बसवून कागदावर लिहायला लावा, कोणता रंग म्हणजे काय. एकमेकांना विचारायचं नाही. जिथं दोघांचं उत्तर जुळत नाही तो रंग मेलेला आहे, त्यावर वेळ घालवू नका. जिथं जुळतं तिथं एकेका रंगावर फिल्टर लावून त्याचा अर्थ रकान्यात शब्दांनी उतरवा: पीक पिकाच्या रकान्यात, गाव गावाच्या. उधारीच्या लालचं मात्र काही उतरवू नका, ती खात्यातून नव्यानं काढा, जुना लाल भरवशाचा नाही. सगळं उतरवून झालं की रंग पुसा. मग आठवडाभर यादी कोरी पांढरीच वापरा. त्या आठवड्यात पोरं ज्या गोष्टीसाठी दर वेळी तुम्हाला हाक मारतील, तिला रंग द्यायचा. माझ्या तीन रंगांपेक्षा तुमचे वेगळे निघाले तर तुमचे ठेवा. हे सगळं मे महिन्यातच करा, पहिला पाऊस पडल्यावर तुम्हाला पाणी प्यायला वेळ मिळणार नाही.

राहिले ते गुलाबी चौदा. ते तेवढे पुसायच्या आधी उघडून बघा. चौघा-पाचांची खाती शेजारी शेजारी ठेवा आणि सारखं काय आहे ते शोधा: बिलाची तारीख, वाण, गाव. सॉफ्टवेअर २०१६ चं आहे म्हणता, म्हणून मला एक शंका येते. २०१७ च्या हंगामात बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली तेव्हा लोक तक्रारीसाठी कापसाच्या बियाण्याची बिलं शोधत दुकानांत येत होते, आणि एका दुकानात मी अशा लोकांची वेगळी खूण केलेली पाहिली होती. तुमच्या भाच्यानं तेव्हा गुलाबी बोंडअळी म्हणून गुलाबी रंग तर लावला नाही? त्या चौदांची २०१७ ची बियाण्याची बिलं निघतात का बघा, आणि काय निघालं ते मलाही कळवा.